सशाचा अधिकृत रामराम

एका जंगलात, मुलांनो, करवंदीच्या जाळीत एक पाळणाघर होतं. नीट बसा, चुळबुळ नको. सकाळी चरायला निघालेल्या आया आपली पिल्लं तिथे सोडायच्या आणि उन्हं उतरली की घेऊन जायच्या. आत एक म्हातारी घोरपड सगळ्यांना सांभाळायची. जाळीला काटे भरपूर, दार एकच, आणि दारावर पहारेकरी म्हणून साळू. साळू म्हणजे साळिंदर हो.

त्या काळी गळ्यात पान बांधायची पद्धत होती. पानावर नाव. 'हरीण' लिहिलेलं असलं की हरीण, 'मोर' लिहिलेलं असलं की मोर. साळू पान वाचायचा आणि आत सोडायचा. आता पान काय, कुणीही बांधावं! झुंबर नावाच्या कोल्ह्याने 'ससा' लिहिलेलं पान बांधलं, डोक्यावर केळीच्या सोपटाचे दोन कान खोचले आणि रुबाबात आत गेला. पिल्लांचा खाऊ फस्त केला. वर भागूबाई सशिणीच्या धाकट्याचा, भुरक्याचा, कान तोंडात धरून पाहिला. घोरपडीने शेपटीचा फटका हाणला म्हणून सोडला.

भागूबाई! हसा, हसा. भित्री होतीच ती. सशीण कधी शूर असते का? पण लेकराच्या कानावर दात उमटलेले पाहिले आणि बाई तडक पंचायतीत जाऊन उभी राहिली. पंचायतीचा अध्यक्ष होता गवा. त्याच्यासमोर एरवी ती श्वासही हळू घ्यायची.

पंचायतीने डोकं खाजवलं. पान खोटं, कान खोटे, मग खरं काय? तर रामराम! दारात आलेला प्रत्येक जण बोलायच्या आधी रामराम घालतो. कुणी आधी मान हलवतो, कुणी पाय आपटतो, कुणी नुसतंच खाकरतो. तोंडाने काय वाटेल ते सांगा, रामराम घालायची ढब काही लपत नाही. तेव्हा ती ढब ओळखणारं यंत्र दाराला बसवायचं ठरलं. कल्पना उत्तम होती, मुलांनो. वाटोळं उत्तम कल्पनांचंच होतं.

दोघे जण यंत्रं घेऊन आले. कासवाचं यंत्र रामरामात काय काय आलं तेवढं टिपायचं. कान हलले, नाक हललं, पाय आपटला. आधी काय नि नंतर काय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. सगळ्याचा मेळ घालून ते सांगायचं, 'बहुधा ससा.' त्या 'बहुधा'ची गव्याला शिसारीच आली. बहुधा तर आम्हीही सांगतो, त्याला यंत्र कशाला, असं तो म्हणाला.

सरड्याचं यंत्र मात्र ठसक्याचं. रामरामाचा क्रम जसाच्या तसा ताडून पाहायचं. जुळला की हिरवा दिवा, चुकला की तांबडा. शिवाय हिरवा दिवा लागला की पिपाणी वाजायची! गव्याचा नमुना सरड्याने आधीच शिकवून आणला होता. मग काय, गवा दारातून आत जातोय, बाहेर येतोय, पिपाणी वाजतेय, पंचायत डोलतेय. कासव आपलं यंत्र पाठीवर टाकून कधी निघून गेलं ते कुणाला कळलंही नाही.

आता बाकीच्यांचे नमुने. हरणांचा झाला, मोरांचा झाला, आणि सशांपाशी येऊन घोडं अडलं. भागूबाईला पुढे केलं. तिने आधी नाक हलवलं, मग कान, मग पाय आपटला. पुन्हा कर म्हटल्यावर आधी पाय, मग नाक, आणि कान राहूनच गेले. पुन्हा कर म्हटलं तर मध्येच शिंकली. अहो, ससा तो! नुसता वारा आला तरी त्याचं पुढचं मागे होतं. सगळ्या सशांची तीच तऱ्हा. सरड्याने वैतागून अंगाचे सगळे रंग बदलून पाहिले. दर वेळी एकसारखा रामराम घालणारा एक तरी ससा आणा, म्हणाला.

तेव्हा गर्दीतून झुंबर पुढे आला. किती नम्र, काय सांगू! डावा कान, उजवा कान, नाक, पाय, 'येऊ का?' पुन्हा केलं, तेच. पुन्हा केलं, तंतोतंत तेच. मेल्याने तळ्यात बघून बघून तालीम केली होती. पंचायत टाळ्या पिटत उठली. ससा असावा तर असा, असं जो तो म्हणू लागला.

भागूबाई गर्दीतून पुढे सरली आणि बोलली. "अध्यक्षमहाराज, हा कोल्हा आहे. मागे शेपटी दिसतेय बघा."

"दिसतेय की," गवा म्हणाला. "पण आपलं शेपटी तपासायचं ठरलेलं नाही, बाई. रामराम तपासायचं ठरलंय."

आणि सशाचा नमुना कायम झाला.

संध्याकाळी भागूबाई दारात गेली. तांबडा दिवा. थांबून पुन्हा रामराम घातला. तांबडाच. साळू बिचारा ओशाळला. तुला मी ओळखतो गं, पण यंत्र तुला ओळखत नाही, म्हणाला. आणि सशाचं पिल्लू सशाशिवाय कुणाच्या हवाली करायचं नाही, असा नियम होता. यंत्राच्या लेखी अख्ख्या जंगलात ससा एकच. तो पिपाणीच्या सुरात तिच्यासमोरून आत गेला. पिल्लं घोरपडीच्या पोटाखाली दडली. भुरक्याला ताप आहे, आज नेऊ नका, अशी थाप घोरपडीने मारली. झुंबर खाऊ खाऊन आधीच तट्ट झाला होता. बरं, उद्या नेतो, म्हणाला.

उद्या! भागूबाईला अन्न गोड लागेना. सकाळी ती तळ्याकाठच्या लव्हाळ्यात शिरली आणि कोल्ह्यापासून हातभर अंतरावर दडून बसली. भित्री म्हणालात ना तिला? झुंबर पाण्यात बघून तालीम करत होता. ती बघत राहिली. डावा कान, उजवा कान, नाक, पाय, आणि ते मान वेळावून 'येऊ का?' सगळं तिने घोटून घोटून अंगात मुरवलं.

दुपार कलताच, झुंबर यायच्या आत, ती दारात उभी राहिली. रामराम घातला. हिरवा दिवा! पिपाणी! साळूच्या डोळ्यांत पाणी आलं.

आतून भुरक्याने तो रामराम पाहिला मात्र, आणि किंचाळला, "कोल्हा आला!"

झालं! सगळी पिल्लं उधळली. जाळीचे काटे टोचले, अंगाला ओरखडे उठले, पण जिकडे फट दिसली तिकडून बाहेर पडून ज्याने त्याने आपलं घर गाठलं. घोरपडीने भागूबाईच्या पाठीत शेपटी हाणली. भागूबाई कळवळली, आणि हसत सुटली. हसत हसतच घराकडे पळाली.

भुरक्या बिळाच्या तोंडाशी बसला होता. तो तिला घट्ट बिलगला आणि म्हणाला, "आई, आज कोल्हा अगदी तुझ्यासारखा दिसत होता."

"शहाणं माझं लेकरू ते," भागूबाई म्हणाली, आणि त्याचा चावलेला कान चाटत बसली.

पंचायतीने दुसऱ्या दिवशी सगळ्या प्रकाराची चौकशी केली. यंत्रात काडीचाही दोष निघाला नाही. त्याने आत सोडले ते ससेच होते. दोष भुरक्याचा निघाला, त्याला ससा ओळखता येत नाही. पण त्याला समज द्यायला तो पाळणाघरात हवा ना! तो काही परत गेला नाही, आणि बाकीची पिल्लंही गेली नाहीत. झुंबर अजून रोज संध्याकाळी येतो, पिपाणी वाजते, आणि आत म्हातारी घोरपड एकटी ऊन खात पडलेली असते. यंत्र बसवल्यापासून पाळणाघरातून एकही पिल्लू पळवलं गेलेलं नाही, म्हणून पंचायतीने सरड्याला हार घातला.

तात्पर्य : ससा असून भागत नाही, रोज एकाच क्रमाने ससा असावं लागतं. ज्याला जमत नसेल त्याने कोल्ह्याकडे बघून शिकावं. आणि यंत्र निवडताना पिपाणी तेवढी आधी वाजवून बघावी.