दगडूअण्णांची दुपारची फेरी

आमचे दगडूअण्णा माणसांना 'बे' म्हणत आणि म्हशींना 'अहो'. "सरका बाई जरा," असं म्हशीला अदबीनं सांगून लगेच तिच्या मालकावर ओरडत, "बादली धर बे नीट!" नेकनूरभोवतीच्या वस्त्यांवर फिरून दूध गोळा करायचं आणि मोटारसायकलवरून बीडच्या हॉटेलांना घालायचं, हा त्यांचा जन्माचा धंदा.

गावात दूध संस्था निघाली, मी सचिव झालो. लोकांचा भरवसा अण्णांवर, म्हणून संकलन केंद्र त्यांच्याकडेच द्यायचं ठरलं. पण अण्णा बधेनात.

"तुमची मशीन दुधाची परीक्षा घेनार. परीक्षेच्या भ्यानं तर मी शाळा सोडली. आता म्हातारपनी परीक्षेला कावून बसू?"

शेवटी दुष्काळ पडला. म्हशी आटल्या, दूध पुरेना, हॉटेलवाल्यांनी पिशवीचं दूध धरलं. अण्णा मुकाट्यानं केंद्रावर आले. पहिला नमुना मशीनला लावला तेव्हा डोळे गच्च मिटून उभे होते.

"पास," मी म्हणालो.

"लई अवघड पेपर हुता बे!" म्हणत त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

काही दिवस बरे गेले. मग कुणीतरी कानावर घातलं, अण्णा दुपारी कॅन लावून वस्त्यांकडे जातात. बाहेर दूध विकलं की केंद्र काढून घ्यायचं, असा नियम. एका दुपारी मागोमाग गेलो.

केंद्राला दूध घालणाऱ्या सखूमावशीच्या ओसरीवर अण्णा बसले होते. मी आधी मोटारसायकलवरचे कॅन उघडून पाहिले. कोरडे ठणठणीत. जीव भांड्यात पडला.

"चोरी न्हाई सचिव," अण्णा गडबडीनं उठले.

मावशी म्हणाल्या, "मीबी रोज इचारते, दूध तर सकाळीच डेअरीला गेलं, मग कावून येतोस, दगडू? सांगतच न्हाई."

अण्णा पुटपुटले, "केंद्रावर समदे येत्यात, दूध वततेत, पावती घेऊन जातेत. बसायला कुनाला येळ न्हाई. आमची मंडळी गेल्यापासून 'जेवलास का' म्हनून इचारनारं हेच एक दार हाय."

"मग कॅन कशाला?"

"नुसतं यायची लाज वाटती बे."

मावशींनी चुलीवरच्या चहात आणखी पाणी ओतलं. मीही टेकलो.

पुढं संध्याकाळचं दूध वस्त्यांवरून आणायचं काम संस्थेनं अण्णांनाच दिलं. दूध चांगलं येतं. अण्णांना परतायला रोज उशीर होतो. मी कारण विचारत नाही.