आभाळ धरण्याचा दर

एका जंगलात, मुलांनो, ज्याला त्याला वेडं व्हायची मोकळीक होती. वाघमहाराज दयाळू होते. कुणाचं डोकं फिरलं की त्याला ओढ्याकाठच्या गुहेत ठेवत. त्याच्या खाण्याला, औषधाला आणि सांभाळणाऱ्यांच्या पोटाला दरबारातून फळं येत. किती फळं द्यायची हे तेवढं ठरायचं होतं. मग काय, समिती नेमली.

समितीचे अध्यक्ष होते उदाजीपंत उदमांजर. फार हुशार. मी तेवढा हुशार नाही, म्हणून तर गोष्टी सांगत बसलोय. पंतांनी जेवणाआधीच दर ठरवून टाकला. पोट दुखलं, पाय मोडला, तर रोज दहा फळं. डोकं फिरलं, पण बरं होण्यासारखं असलं, तर पाच. बरं होण्यासारखं नसलं, तर दोन बोरं.

“आणि वेड्याचाच पाय मोडला तर?” समितीतल्या घुबडानं विचारलं.

“दोन बोरं. पाय कुणाचा? वेड्याचाच ना!”

“बरं होणार की नाही, हे कोण ठरवणार?”

“समिती. रुग्णाला विचारायचं नाही. तो काय, बरा आहे असंच म्हणणार!”

महाराजांनी मान डोलावली. पंतांनी मिशांवरून पंजा फिरवला.

आठवड्याभरात गुहा सांभाळणारी अस्वलीण, बायजाक्का, दरबारात येऊन उभी राहिली.

“पंत, दोन बोरांवर कोन राबंल? हाताखालची वानरं पळाली. मी एकटी पडले. उद्यापास्नं गोदीला भाईर ठिवावं लागंल.”

गोदी म्हणजे टिटवी. माळावरची तिची अंडी गव्यांच्या कळपाखाली चिरडली, तेव्हा तिच्यावर आभाळच कोसळलं. तेव्हापासून ती उताणी पडून, पाय वर करून आभाळ धरून असे. खाली आलं तर उरलेल्यांची अंडी फुटतील, असं तिला वाटे. दुसऱ्या कुणी पाय वर केले, तरच ती डोळा मिटायची. म्हणून वानरं पाळीपाळीनं आभाळ धरत.

“पाय वर करून पडायचं?” पंत हसले. “याला काम म्हणतात? हे तर मी जेवण झाल्यावर रोज करतो! मीच दाखवतो करून. समितीनं संध्याकाळी येऊन बघावं.”

दुपारी पंत गुहेत उताणे झाले. चारही पाय वर केले. गोदीनं संशयानं पाहिलं.

“घट्ट धरलंत?”

“धरलंय, बाई.”

“सोडणार नाही?”

“मी समितीचा अध्यक्ष आहे.”

“ते नका सांगू. सोडणार नाही ना?”

“नाही सोडणार.”

गोदीनं पाय खाली घेतले, पंखात चोच खुपसली आणि झोपली. बायजाक्का ओढ्यावर गेली. तिच्याही पोटात सकाळपासून काही नव्हतं.

थोड्या वेळानं पंतांच्या पायांना मुंग्या आल्या. त्यांनी एक पाय हळूच खाली आणला. गोदी दचकून उठली. “आलं! आलं!” असं ती जिवाच्या आकांतानं ओरडली. त्यांनी पाय झटक्यात वर नेला. ती पुन्हा निजली. ‘या कामाला आपण किती बोरं लावली?’ पंतांना आठवलं आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःचंच हसू आलं.

संध्याकाळी समितीतले घुबड आणि कोल्हा आले.

“पंत, पाय खाली घ्या.”

“हळू बोला! खाली घेतले तर आभाळ येईल म्हणून ती ओरडेल...”

घुबडाला ‘आभाळ येईल’ एवढंच ऐकू आलं. त्याला तेवढं पुरलं. त्यानं कोल्ह्याकडे पाहिलं.

“बरे होण्यासारखे वाटत नाहीत,” कोल्हा म्हणाला.

“अहो, मी ठणठणीत आहे! मला विचारा तरी!” पंत कुजबुजले.

“रुग्णाला विचारायचं नाही, पंत. आपलाच नियम.”

आणि दोघं निघाले. पंतांनी दोन उड्यांत त्यांना गाठलं असतं. पण त्यांनी गोदीकडे पाहिलं. चोच उघडी टाकून, लहान पोरासारखी गाढ झोपली होती. पंतांचे पाय वरच राहिले.

रात्री बायजाक्का आली. “पंत, तुमचा शिधा आला. दोन बोरं.”

पंतांनी एक चावलं. किडकं निघालं.

“हा दर कुणी ठरवला हो?”

“तुमीच की.”

“तरीच. ठरवणारा अगदी गाढव दिसतोय. दुसरं बोर गोदीला ठेवा, उठल्यावर भूक लागेल तिला.”

गोदी गुहेतच राहिली. आभाळ धरायला फुकटचा गडी मिळाला. समितीनं दरबारात सांगितलं, की दोन बोरांत गुहा उत्तम चालते. महाराजांना फार आनंद झाला. पुढच्या वर्षीपासून त्यांनी एकच बोर केलं.

तात्पर्य: मुलांनो, दया जरूर करावी, पण दरबाराला कळू देऊ नये. दर लगेच उतरतो.