क्रिस्टल क्लिअर आप्पा

आमच्या शेजारच्या बिराजदार आप्पांना इंग्रजी येत नाही. मात्र इंग्रजीत सांगितलेलं आपल्याला समजलं, हे त्यांना इंग्रजीत इतक्या तऱ्हांनी सांगता येतं की समोरच्याला स्वतःच्याच इंग्रजीची शंका यावी.

आप्पा मूळचे निलंग्याकडचे. त्यांच्या शाळेत इंग्रजीच्या मास्तरांची जागा बहुतेक रिकामीच असायची. पुढे लातुरात एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले आणि पहिल्याच दिवशी परप्रांतातून आलेल्या साहेबाने त्यांना समोर उभं करून बराच वेळ इंग्रजीत काहीतरी सांगितलं. शेवटी विचारलं, "इज इट क्लिअर?" आप्पांना त्यातला शेवटचा शब्द तेवढा ओळखीचा वाटला. त्यांनी तोच परत दिला. "क्लिअर, सर." साहेब खूश झाला.

"तवाच मला कळलं," आप्पा सांगतात, "सायबाला काम झालेलं नको असतंय. समजलेलं पायजे असतंय. काम काय ते मागनं बाजूच्या टेबलावर कळतंयच की."

मग त्यांनी ही विद्या वाढवली. जिथे कुठे समजल्याचं इंग्रजी वाक्य कानावर पडलं, तिथून ते उचललं आणि त्याची योग्य जागा ठरवली. 'आय सी' हे रोजच्या वापराचं, कुणालाही चालतं. 'पॉइंट नोटेड' म्हणताना हातात पेन पाहिजे, आणि ते उघडं पाहिजे. 'दॅट मेक्स सेन्स' मान तिरकी करून, तेही साहेब एकटा असेल तरच. चारचौघांत म्हटलं तर एरवी आपल्या बोलण्यात सेन्स नसतो की काय, असं त्याला वाटतं. साहेब चिडला असेल तर 'फेअर इनफ', आवाज खाली आणून. आणि 'क्रिस्टल क्लिअर' फक्त मुंबईहून कोणी आलं तर.

"ते पुरणपोळीवानी हाय, सर. रोज केली तर कोन खाईल?"

एक वाक्य मात्र त्यांनी आयुष्यातून काढून टाकलं होतं. मी महाविद्यालयात ग्रंथपाल होतो, म्हणून ते मला सर म्हणतात. एकदा मी सहज विचारलं, की आप्पा, खरंच समजलं नाही तर इंग्रजीत काय म्हणता? ते दचकले. मग कडीपाटाला टांगलेल्या झोपाळ्याची साखळी धरून म्हणाले, "ते कदी म्हनू नका, सर. समजलं न्हाई म्हनलं की मानूस पयल्यापासनं सुरू करतंय. मग बसा ऐकत."

निवृत्त झाल्यावर साहेब राहिले नाहीत, म्हणून आप्पांनी गल्लीलाच साहेब केलं. भाजीवाल्या सलीमभाईंनी मेथीचा भाव सांगितला की "फेअर इनफ." दूधवाला उद्या उशीर होईल म्हणाला की "आय सी." सलीमभाईंना ते इतकं आवडलं की आता घासाघीस करणाऱ्या बायकांना ते गाडा ढकलत ऐकवतात, "फेअर इनफ बोलना, नै तो आगे जाना."

आप्पांच्या बायकोची, काकूंची, मात्र या विद्येवर श्रद्धा नाही.

"आवं, गॅस संपत आलाय."

"पॉइंट नोटेड."

दोन दिवसांनी काकू अंगणात विटांची चूल मांडून भाकरी थापत होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, "हेंचा पॉइंट नोट झालाय. टाकी यायची हाय."

एकदा आप्पांना कुठल्याशा कंपनीतून एका मुलीचा फोन आला. ती फाडफाड इंग्रजी बोलत होती. आप्पांना इतक्या वर्षांनी असं गिऱ्हाईक मिळालं होतं. झोपाळ्यावर बसून त्यांनी आधी आय सी, मग दॅट मेक्स सेन्स, मग खुशीत येऊन एक ॲब्सोल्यूटली असं सगळं तिला दिलं. शेवटी तर क्रिस्टल क्लिअरही देऊन टाकलं. त्या आठवड्यात दोन माणसं पाणी शुद्ध करण्याचं यंत्र घेऊन दारात हजर झाली. त्यांनी स्वयंपाकघरात खिळे ठोकले, नळी जोडली आणि नळ सोडला. नळातून फुस्स असा आवाज आला.

"पाणी कधी येतं?" त्यातल्या एकाने विचारलं.

"आठ-धा दिसांनी," काकू म्हणाल्या. "आलं तर."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आप्पा मान तिरकी करून म्हणाले, "आय सी." यंत्र परत गेलं. खिळे भिंतीतच राहिले. काकू त्यांना आता झारा आणि चिमटा अडकवतात.

आप्पांना पकडणारं गल्लीत एकच माणूस होतं, ते म्हणजे माझी बायको सुमन. ती नांदेडची. तिच्या बोलण्यात आईच्या माहेरचं ते 'करून राहिले' शेवटपर्यंत होतं आणि मला ते ऐकायला आवडायचं. संध्याकाळी ती कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकून आप्पांना काहीतरी सांगायची आणि मध्येच थांबून विचारायची, "मी काय सांगून राहिले, सांगा बघू."

आप्पा झोपाळा थांबवायचे. डोळे मिटायचे. आठवत काहीच नसायचं, कारण ऐकलेलंच नसायचं.

एकदा तिने अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "आप्पा, पाण्याचं काही जमेना म्हणून उद्यापासून नळाला दूध सोडून राहिलेत."

"दॅट मेक्स सेन्स," आप्पा म्हणाले.

सुमन भिंतीला धरून हसत राहिली. काकू आतून बाहेर आल्या, त्यांना कळल्यावर त्याही हसायला लागल्या. बऱ्याच वेळाने आप्पांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, "तुमच्यापुढं आपलं काय चालंना, ताई."

गेल्या उन्हाळ्यात सुमन गेली. सकाळी चहा ठेवला आणि अर्ध्या दिवसात गेली.

नंतर घरात माणसं येत राहिली. चांगली माणसं होती सगळी. काय झालं, असं विचारायची. मी सांगायला लागायचो, की सकाळी तिने चहा ठेवला होता, आणि दुसरं वाक्य सुरू होईपर्यंत कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवायचं. "समजू शकतो आम्ही." महाविद्यालयातले सहकारी तेच इंग्रजीत म्हणाले. सगळ्यांना सगळं समजत होतं, आणि माझं सांगणं चहाच्या पुढे जात नव्हतं. हळूहळू मी चहापर्यंत जाणंही सोडलं. मुलगी पुण्याला परतली. तिचा फोन आला की मी जेवलो म्हणायचो आणि ठेवायचो. दिवसच्या दिवस घरात माझा आवाज नसायचा. एकदा दाराशी आलेल्या पोस्टमनला उत्तर द्यायला गेलो तर घशातून शब्दच निघेना. तेव्हा मला माझी भीती वाटली.

सुमन गेली त्या दिवशी आप्पा गाडी आणण्यापासून सगळीकडे होते, पण त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. माणसांचं येणं थांबल्यावर एका संध्याकाळी ते फाटक उघडून आले. ओट्यावरच्या खुर्चीत बसले. मी मनात म्हटलं, आता यांच्याकडचं कोणतं ऐकावं लागणार? आय सी, की फेअर इनफ?

"काय झालं ते सांगा, सर," ते म्हणाले.

मी सांगितलं. म्हणजे घसा खाकरत, थांबत. की तिने चहा ठेवला, मग भिंतीपाशी जाऊन गवती चहा मागितला. इथे मी थांबलो, कारण पुढचं त्यांना माहीत होतं. काकूंनी डब्यात लावलेल्या गवती चहाची पाती त्यांनीच तोडून भिंतीवरून दिली होती, आणि सुमन म्हणाली होती, "आज बरोबर समजलं बघा, आप्पा." पण ते नुसते बघत राहिले, म्हणून तेही सांगितलं. मग ती आत आली, जरा बसते म्हणाली आणि दाराजवळच्या पाटावर बसली. दवाखान्यात नर्सने तिची मूठ उघडली तेव्हा ती पाती आत होती. सगळ्या खोलीत त्यांचा वास पसरला.

माझं सांगून झालं. आप्पांनी भिंतीकडे पाहिलं.

"समजलं न्हाई, सर."

"काय?"

"न्हाई समजलं मला. परत सांगा. पयल्यापासनं."

दुसऱ्या संध्याकाळीही ते आले. कालचं नीट ध्यानात आलं न्हाई, म्हणाले. तिसऱ्याही. पहिल्यापासून म्हणजे कुठून, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, त्यामुळे माझी सुरुवात रोज थोडी मागे सरकत गेली. आधी चहा होता. मग आदल्या दिवशीचं आमचं भांडण आलं, पडद्यांच्या रंगावरून. मग मुलीचं लग्न. मग एक दिवस नांदेडला गोदावरीकडे उतरणाऱ्या गल्लीतलं तिच्या वडिलांचं घर आलं, जिथे मी पहिल्यांदा तिला पाहायला गेलो होतो आणि बशीतले पोहे शर्टावर सांडले होते. ते सांगताना मला हसू आलं. मुलीचा फोन आला तेव्हा तिलाही पोह्यांचं सांगितलं.

काल आप्पा नेहमीसारखे आले. मी सगळं सांगितलं, आणि का कोण जाणे, शेवटी तोंडून निघून गेलं, "आप्पा, मी काय सांगितलं, सांगा बघू."

ते खुर्चीत सरळ झाले. डोळे मिटले. आणि सांगायला लागले. गोदावरीकडची गल्ली, पोहे, शर्टाचा रंग, लग्न, पडदे, सगळं जिथल्या तिथे. मी या वेळी सांगायला विसरलेलंही एक-दोन ठिकाणी त्यांनी भरलं.

"मग सकाळी ताईंनी चा ठिवला. भिंतीपशी आल्या. म्हनल्या, आप्पा, तुळशीची चार पानं द्या."

"तुळस नाही, आप्पा. गवती चहा."

"गवती चा?" त्यांनी डोळे उघडले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, आणि पुसत राहिले. "बगा. मग चुकलंच की माझं."

खुर्ची त्यांनी थोडी पुढे ओढली.

"सांगा परत. पयल्यापासनं."