केसाच्या काठीचे वर्तमान

श्री. जळ, माती आणि माथ्यावरचा केस या तिहींस वंदन करून लिहिले ते ऐसे. शके चौदाशे एकाहत्तर, सौम्य नाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा, ते दिवशी राणीसाहेबांच्या न्हाणीघराची कोठी उघडली आणि मोजदाद जाहली. शिकेकाई चार पोती, रिठे दोन, आवळकाठी दीड, नागरमोथा एक, गवला कचोरा पाऊण, वाळ्याच्या जुड्या साठ, सुकल्या जास्वंदीच्या परड्या अकरा, मेंदीची एक घागर, आणि माक्याच्या रसात कढविलेले तिळाचे तेल सात रांजण. तळ्याची पांढरी माती मात्र कोणी मोजिली नाही, कारण बाहेर पाय ठेवावा तेथे ती होतीच. मग राणीसाहेब मैनाबाई यांचे केस मोकळे करून, विंचरून, ताणून मोजिले, ते तीन हात नऊ बोटे भरले.

एका डोईसाठी इतका सरंजाम कशास, तर त्याचे कारण ऐसे. त्या राज्याच्या मध्यभागी तळे होते आणि राज्य म्हणावे तर त्या तळ्याचा काठच होता. पहाटे धुके पाण्यावरून उठे आणि वाड्यात शिरून, दालनादालनांतून हिंडून, कोणास न विचारता परत जाई. पावसाळ्यात पाणी वाड्याच्या पायरीस लागे आणि कार्तिकात मागे सरे, मग मऊ गाळ उघडा पडे आणि त्यात वाल, हरभरा, वांगी, जे टोचावे ते येई. काठच्या लोकांस दुसरे शेत नव्हते. पूर्वी कोणे एके काळी पहिल्या राणीने बुडत्या लेकरापुढे आपले केस सोडले आणि लेकरू ते धरून वर आले, तेव्हापासून वहिवाट पडली की दर कार्तिक पौर्णिमेस राणीच्या केसांच्या लांबीची वेळूची काठी तोडावी, आणि दर चुलीस वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद इतका गाळ द्यावा, आणि वाटून उरेल ते सरकारी पागेचे कुरण समजावे. म्हणोन केस चार बोटे वाढला तर चुलीमागे वालाची रांग वाढे, आणि केस तुटला तर तितके गवत वाढे आणि घोडे हिणहिणत. राणीसाहेब माहेरी पोहणाऱ्या होत्या, परंतु इतके केस एकदा भिजले की सुकावयास दोन दिवस लागत आणि ओल्याने तुटत, म्हणोन लग्नापासून त्यांनी तळे खिडकीतूनच पाहिले.

आता केस कशाने वाढतो यावर गावोगावी मते होती. पूर्वकाठच्या बाया माका घेऊन आल्या आणि पश्चिमकाठच्या जास्वंद घेऊन आल्या, आणि न्हाणीघराच्या दारातच जुंपली.

"माक्यावाचून केस वाढतो होय गं?"

"मग तुझ्या सासूचा अंबाडा सुपारीएवढा का? माका काय वरणात घालता?"

"सुपारी तर सुपारी, पण तिचीच आहे. तुमच्याकडे गंगावन लावून मिरवतात."

मग एक परदेशी सौदागर आला आणि म्हणो लागला की मिसर देशी एरंडाच्या तेलाने आणि चीन देशी तांदळाच्या धुवणाने केस टाचेस लागतात. न्हाणीघराची मुख्य भिवराबाई, जिने राणीसाहेबांस लग्नाच्या हळदीपासून न्हाऊ घातले होते, ती बोलिली, "टाचेस लागतात तर तुमच्या देशच्या राण्या चालतात कैशा?" त्याजवर सौदागर तेल तेवढे ठेवून गेला.

राणीसाहेब हे सर्व ऐकत होत्या. त्यांस प्रश्न पडला की सोडवीत. त्या म्हणाल्या, "भिवराबाई, भांडून केस वाढत नाही. डोईच्या दोन वाटण्या करा. डाव्या बाजूस जे जे गावांनी आणले ते सर्व लावा. उजवीस नुसते पाणी. आणि दोहीकडे मुळाशी मेंदीचा पट्टा ओढा, म्हणजे नवा केस किती आला तो पट्ट्याखाली दिसेल." भिवराबाईने कपाळास हात लाविला. "आईसाहेब, पाण्याच्या बाजूचे केस तुटले तर लोक माझी वाटणी करतील." परंतु आज्ञा ती आज्ञा. मग चैत्र गेला, वैशाख गेला, ज्येष्ठ गेला, आणि सारे न्हाणीघर शिकेकाईच्या वाफेत तरंगत राहिले, आणि आषाढ लागता पट्टा पाहिला. मुळाशी नवा केस डावीकडे दोन बोटे, उजवीकडेही दोनच बोटे. परंतु उजवीकडची टोके फाटून बोटभर झिजली होती आणि डावीकडची शाबूत होती. राणीसाहेबांनी ती टोके बोटांत धरून पाहिली आणि म्हणाल्या, "तेल केस वाढवीत नाही गं. असलेला राखते. आता उजवीसही लावा."

त्याच महिन्यात राणीसाहेबांस ज्वर आला. एकवीस लंघने जाहली. ज्वर उतरला, परंतु आश्विनात फणी लावावी तो केसांचे झुपकेच हाती येऊ लागले. धुके शिरे तेव्हा उशीवरचे केस हलत, जणू कोणी तळाशी पोहते आहे. काठी खुंटते की काय म्हणोन काठावर चुली गप्प जाहल्या. भिवराबाई गळालेले केस चटईवर ओळीने मांडी आणि डोळे पुशी. राणीसाहेबांनी त्यांतील एक उचलून मोजावयास सांगितला, तो शेंड्यापासून मुळापर्यंत तीन हात बारा बोटे भरला. "गळाला तरी आखूड नाही जाहला," ऐसे म्हणून त्यांनी तो पुन्हा चटईवर ठेविला.

इकडे पागेचे सरदार हैबतराव, हे महाराजांचे मामा, त्यांनी मसलत केली. मनुष्य वाईट नव्हे, घोड्यांवर जीव. ते वैद्यास घेऊन महाराजांकडे गेले आणि बोलिले, "भाचेबुवा, गवत कापले की दाट येते. सूनबाईंचे मुंडण करावे, तळ्याच्या देवीस केस वाहावे, नवे दाट येतील. वैद्यही तेच म्हणतात." महाराज बगळे पाहत होते. "आणि या सालची काठी?" हैबतराव म्हणाले, "केस नाही तर काठी नाही. एक साल गाळ कुरणास पडेल. माझ्या घोड्यांच्या बरगड्या मोजून घ्या, महाराज, एकही चुकणार नाही." महाराज म्हणाले, "आणि लोक काय खातील?" हैबतराव म्हणाले, "मासे." महाराजांनी विचार करितो म्हणून पुन्हा बगळे पाहिले.

ही खबर न्हाणीघरी आली तेव्हा भिवराबाई तेलाची वाटी टाकून उठिली. "सवाष्णीच्या डोईस वस्तरा? जीभ झडो त्या वैद्याची!" राणीसाहेब शांत होत्या. त्यांनी हैबतरावांस बोलाविले आणि म्हणाल्या, "मामासाहेब, देवीस केस वाहणे मला कबूल आहे. इतकेच की वाड्यात नको. पौर्णिमेस सकाळी, गाळावर, सर्वांदेखत व्हावे." हैबतराव इतके संतोष पावले की त्यांनी जाताना भिवराबाईसही नमस्कार केला.

मग पौर्णिमा आली. रात्री पाणी मागे सरले होते आणि गाळ मोत्याच्या शिंपीसारखा चमकत होता. काठचे लोक रिकाम्या टोपल्या घेऊन उभे राहिले. राणीसाहेब अनवाणी गाळात उतरल्या, केस नुकते शिकेकाईने धुतलेले, माक्याच्या तेलाचा हात फिरविलेला, विरळ परंतु टोकापर्यंत शाबूत. पांढऱ्या मातीवर त्या बसल्या आणि भिवराबाईने रडत रडत मुळाशी सुती दोरा बांधला आणि कात्री चालविली, आणि मागाहून वस्तरा. केस सुटले तेव्हा राणीसाहेबांनी मान डावीकडे, उजवीकडे फिरवून पाहिली, जैसे कोणी झोपेतून उठून आपण कोठे आहो ते पाहते. हैबतराव म्हणाले, "देवी प्रसन्न होवो. आता काठीचा प्रश्न राहिला नाही."

राणीसाहेबांनी केस उचलून महाराजांपुढे धरिले. "महाराज, हे केस कोणाचे?"

"तुमचेच."

"सकाळी माझे होते, आणि वस्तरा फिरता परके जाहले काय?"

महाराजांनी त्या दिवशी बगळ्यांकडे पाहिले नाही. "नाही," म्हणाले.

"मग मोजा. गळालेला केस आखूड होत नाही, तैसा कापलेलाही होत नाही. माझी डोई आजारी पडते, म्हातारी होईल. हे होणार नाहीत. तेल लावून, वाळ्यात ठेवून राखावे. देवीस वाहिले ते तिच्याच तळ्याच्या वाटणीस यावे, आणि दर साली काठी यांचीच."

कोणी एक म्हातारी मागून ओरडली, "अगं माझ्या बाई!" आणि मग टोपल्या वाजू लागल्या. हैबतराव हळू बोलिले, "सूनबाई, कुरण तर दर साली इतकेच राहील मग." राणीसाहेब म्हणाल्या, "हो मामासाहेब, इतकेच. पण इतके नक्की. एखाद्या साली माझे केस टाचेस लागले असते तर?" ते मान्य करून हैबतराव घोडी मोजावयास गेले, की किती पोसवतील. वाटणी सांजेपर्यंत चालली. मग दिवस मावळता, गाळ ओलांडून राणीसाहेब एकट्याच पाण्यापर्यंत गेल्या, आणि धुक्यात शिरल्या, आणि काठावर उभ्या भिवराबाईस पाणी कापीत जाणाऱ्या हातांचा आवाज तेवढा ऐकू आला.

येणेप्रमाणे केसाच्या काठीचे वर्तमान. केस तांब्याच्या पेटीत, कापूर आणि वाळ्यात ठेविले आणि न्हाणीघराचे तेल त्यांस लागू जाहले. शके चौदाशे बहात्तर, साधारण नाम संवत्सर, कार्तिक पौर्णिमेस पेटी उघडून मोजिले, तीन हात बारा बोटे. त्याच दिवशी राणीसाहेब तळ्यातून येऊन बसल्या असता त्यांच्या डोईवरचे केसही मोजिले, आठ बोटे. ते ओले होते, म्हणोन सुकल्यावर पुन्हा मोजिले. आठ बोटे.