जावईबापूंची स्वयंचलित यंत्रणा

“संध्याकाळच्या चहाआधी उरकतो!” असं जावईबापूंनी छाती फुगवून जाहीर केलं, तेव्हाच घरादाराने सावध व्हायला हवं होतं.

नोकरीतून उरलेला वेळ जावईबापू एका फुकट प्रोग्रॅमला वाहत. पडद्यावरचा मजकूर अंधांना वाचून दाखवणारा हा प्रोग्रॅम जगभरातली हौशी मंडळी मिळून लिहीत. कुणी काही बदललं, की दुपारी जावईबापूंच्या मागच्या खोलीतला जुना संगणक दमेकऱ्यासारखा धापा टाकत सगळे तुकडे जुळवी, तपासी आणि नवी आवृत्ती बाहेर काढी. याला म्हणतात बिल्ड. सगळं आपोआप! आता हे बिल्ड कंटेनरमध्ये हलवायचं ठरलं होतं.

“कंटेनर म्हणजे डबा समज,” त्यांनी बायकोला सांगितलं. “लागणारं तेल-मीठ सगळं आत. जगात कुठल्याही यंत्रावर उघड, चव तीच!”

“ऑफिसला नेलेला डबा तरी परत आणता का कधी?” बायको म्हणाली.

असल्या शेऱ्यांकडे थोर माणसं लक्ष देत नाहीत. जावईबापूंनी जुना संगणक पुसून कोरा केला. परतीचे दोर कापले! मग ऐटीत डबा सुरू केला.

डबा अर्ध्यावर आला आणि गप्प. रुसलेल्या व्याह्यासारखा! ठरवून दिलेली वेळ संपली म्हणून बंद पडला. पुन्हा सुरू केला. पुन्हा गप्प.

तेवढ्यात अंधशाळेच्या बाईंचा फोन. “अहो, सोमवारी गणिताचा पेपर आहे आणि तुमचा प्रोग्रॅम आठचा आकडा गिळतोय! मुलांनी गणितं सोडवायची कशी?”

“दुरुस्ती झालीय, बाई. आज नवी आवृत्ती मिळणारच!” जावईबापू म्हणाले. घाम मात्र कपाळावरून नाकावर आला होता. ठरलेल्या बिल्डशिवाय कुणी हाताने जुळवलेली आवृत्ती बाहेर सोडायची नाही, असा मंडळींचा कडक नियम.

व्हिडिओ कॉलवर प्रकल्पातला एक दाढीवाला सहकारी हजर झाला. “मेमरी वाढवा!” वाढवली. डबा गप्प. “नेटवर्क बघा!” बघितलं. डबा मौनी बाबा!

“जुन्या यंत्रावर वेगळं काय होतं?”

“काही नाही हो! सगळं आपोआप व्हायचं!”

“मग तेच लावा परत.”

“पुसलं.”

दाढीवाल्याने दाढी मुठीत धरली.

इतक्यात डोळे चोळत सासरेबुवा दारात आले. “जावईबापू, आज ते तुमचं ओरडलं नाही. झोप लागली, पण चुकल्या-चुकल्यासारखं वाटतंय.”

“काय ओरडलं नाही, बाबा?”

“तो संगणक! मागच्या खोलीत दुपारी पाठ टेकली की टूंऽ टूंऽ! पडद्यावर काहीतरी विचारतो. मी ते मोठं बटण दाबतो. गप्प होतो बिचारा.”

“रोज?”

“रोज. इथे राहायला आलो तेव्हापासून.”

जावईबापूंच्या डोळ्यांसमोर लख्ख उजेड पडला. मागे बिल्ड आठवडाभर ठप्प होतं, वीज कंपनीला शिव्या घालून त्यांनी जगभर माफीपत्रं धाडली होती. सासरेबुवा तेव्हा धाकट्या मुलीकडे गेले होते!

“दाढीवाले,” जावईबापू घोगऱ्या आवाजात म्हणाले, “बिल्डमध्ये ‘पुढे जाऊ का?’ असं कोण विचारतं?”

“ते… मी घातलं होतं. काळजी म्हणून.”

“अहो, डब्याला पडदा नाही, बटण दाबणारं कुणी नाही! तो विचारतो आणि उत्तराची वाट बघत बसतो!”

ती ओळ काढली. डबा सुरू झाला, अर्ध्यावर न थांबता थेट शेवटाला गेला. हिरवी खूण! जरा वेळाने बाईंचा फोन: “बोलला हो! अठ्ठ्याऐंशीसुद्धा खणखणीत बोलला!” जावईबापू खुर्चीत असे विरघळले, की बायकोला चहा त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला.

“म्हणजे आता मी दाबायला नको?” सासरेबुवांनी विचारलं.

“कुण्णीच नको, बाबा!”

“सुटलो! अहो, घराबाहेर पाऊल टाकायची चोरी होती. म्हटलं, एक दिवस चुकलं तर जावयाचा पगार कापायचे. धाकटीकडे आठवडाभर गेलो, तर तिथेही जिवाला घोर!”

“यात पगार नसतो, बाबा,” जावईबापू ओशाळून म्हणाले. “फुकटच असतं सगळं.”

सासरेबुवांनी चहाचा घोट घेतला.

“म्हणजे इतकी वर्षं आपण दोघंही फुकट राबलो. मी निदान पडल्या पडल्या तरी!”