झोपणाऱ्याची पगारवाढ

गाद्यांच्या एका कारखान्यात एक गृहस्थ झोपण्याच्या कामावर होते. हे टोमणा म्हणून लिहिलेले नाही. झोपून पगार घेणारे इतर कार्यालयांतही पुष्कळ असतात, पण त्यांच्या नेमणुकीच्या पत्रात तसे नमूद नसते. यांच्या पत्रात होते. हुद्दा, निद्रापरीक्षक. सकाळी हजेरी लावायची, बूट काढायचे, नव्या नमुन्याच्या गादीवर आडवे व्हायचे आणि संध्याकाळी उठून झोप कशी लागली ते सांगायचे.

घरी मात्र परीक्षक चटईवर झोपत. खोली एकच होती. पलंग आईचा, पलंगाखालची जागा दोन मुलींची, आणि उरलेल्या जमिनीवर नवरा-बायकोने ठरवून एकाच कुशीवर वळायचे. शेजारच्या इमारतीत दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. भाडे जास्त होते, पण घरमालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता.

"साहेबांशी एकदा बोला ना," बायको म्हणाली. "इतकी वर्षं इमानेइतबारे झोपताय."

"बोलतो."

"रोज बोलतो म्हणून जाता आणि झोपून येता."

हे परीक्षकांच्या जिव्हारी लागले. दुसऱ्या दिवशी ते थेट व्यवस्थापकांपुढे जाऊन उभे राहिले.

"पगारवाढ?" व्यवस्थापकांनी चष्मा काढला. "अहो, पण तुमच्या कामात काय वाढ झालीय? पूर्वी झोपायचात तेवढंच झोपता ना?"

"हो, पण मन लावून झोपतो, साहेब."

"ते तर कर्तव्यच आहे. बरं, विचार करू."

'विचार करू' हे ऐकल्यावर कोणत्याही नोकरदाराचे जे होते तेच झाले. परीक्षकांची झोप उडाली. दिवसभर ते छताकडे बघत पडून राहिले आणि संध्याकाळी झोप लागली नाही असे प्रामाणिकपणे सांगून घरी गेले.

कारखाना हादरला. परीक्षकाला झोप लागत नाही, त्या अर्थी गादी सदोष. स्प्रिंगा बदलल्या, परीक्षक जागे. फोम बदलला, परीक्षक जागेच. खरेदी अधिकाऱ्याला घरी बसवले आणि नव्या अधिकाऱ्याने कुठून कुठून कापूस मागवला. एवढ्या खर्चात परीक्षकांचा पगार निवृत्तीपर्यंत वाढवत नेता आला असता, परंतु हा खर्च वेगळ्या सदराखाली मंजूर होता.

अखेर परीक्षकांना राहवेना. "साहेब, गादीत काही खोट नाही. पगाराच्या काळजीनं झोप येत नाही. तेवढा वाढला की येईल."

व्यवस्थापक खुर्चीतून उठलेच. त्यांनी तातडीने संचालकांची बैठक बोलावली.

"हा माणूस काळजीत आहे," ते म्हणाले. "आणि आपलं गिऱ्हाईक तरी दुसरं कोण आहे? ज्याला काळजी नाही तो बाकावरसुद्धा झोपतो, तो कशाला गादी घेईल? ज्या गादीवर ह्याला झोप लागेल, तिच्यावर कुणालाही लागेल."

ठराव एकमताने संमत झाला. परीक्षकांची काळजी ही कारखान्याची मालमत्ता असून पगारवाढ दिल्यास तिचे कायमस्वरूपी नुकसान होईल, सबब तिची योग्य देखभाल करण्यात यावी. देखभालीसाठी काळजी संवर्धन अधिकारी असे नवे पद निर्माण झाले. पगार, परीक्षकांच्या दुप्पट.

हा अधिकारी रोज सकाळी गादीशेजारी खुर्ची ओढून बसे.

"आईंचे गुडघे काय म्हणताहेत? थोरलीची फी भरलीत? अरे अरे. खोल्यांचं काय झालं? अजून रिकाम्या आहेत म्हणता? कुठल्या इमारतीत?" मग उठता उठता म्हणे, "पगारवाढीचं चाललंय हं आमचं."

महिनाअखेरीस त्या दोन खोल्या काळजी संवर्धन अधिकाऱ्याने भाड्याने घेतल्या. त्याला परवडत होत्या.

हे कळल्यावर बायकोने रोजच्यासारखी चटई अंथरली. ती चिडली असती तर परीक्षकांना बरे वाटले असते. मुलींच्या नजरेला नजर देण्याची त्यांना लाज वाटली आणि सकाळी ते वेळेआधीच कामावर गेले. इतक्या दिवसांचे जागरण अंगात भरले होते, वाट बघण्यासारखे काही उरले नव्हते. नव्या गादीला पाठ टेकताच ते घोरू लागले.

कारखान्यात आनंदीआनंद झाला. संध्याकाळी परीक्षक डोळे चोळत व्यवस्थापकांकडे गेले.

"साहेब, झोप लागली. आता तरी माझं बघा."

"आता कशाला?" व्यवस्थापकांनी मायेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चांगले ढाराढूर झोपला होतात. अडचणीतल्या माणसाला अशी झोप लागते का?"

प्रकरण मिटले.

त्या गादीला मागणी प्रचंड आली, पण दुकानांतून नाही. कार्यालये, बँका, शाळा, कारखाने यांनी ती गठ्ठ्याने उचलली, कारण पगारवाढीपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडते. आपल्याकडेही यंदा वाटप झाले, नाही का? साहेबांच्या हस्ते गादी स्वीकारताना फोटोत आपण छान हसताय. व्यासपीठावरून खाली उतरता उतरता साहेबांनी सहज विचारले होते, "काय, झोप लागते ना?"

"लागते की, साहेब," असे आपण म्हणालात. ते नोंदवून घेतले आहे.