प्रसन्नचे चार मित्र

प्रसन्न माणसं मोजतो. गाडीत चढण्याआधी मोजतो, चढल्यावर मोजतो, उतरल्यावर मोजतो, आणि रस्ता ओलांडला की पुन्हा मोजतो. एका हातात स्टीलचा झारा उंच धरलेला असतो आणि दुसऱ्या हाताचं बोट आमच्यातल्या प्रत्येकाच्या कपाळावर रोखलेलं असतं. "एक, दोन, तीन, चार. गेनाऊ! चला." गेनाऊ म्हणजे जर्मनमध्ये अगदी बरोबर. स्वतःला तो कधी मोजत नाही.

झारा कशाला, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"बाकीचे गाईड छत्री धरतात, आजी. छत्र्या पन्नास दिसतात. झारा एकच."

म्हणणं खोटं नाही. हायडेलबर्गच्या बाजारचौकात मी दोनदा हरवले आणि दोन्ही वेळा झाऱ्यामुळे सापडले. एकदा तर दुसऱ्याच सहलीतली तीन माणसं झाऱ्यामागून अर्धा रस्ता चालत आली होती. पुढे काहीतरी तळत असतील, असं त्यांना वाटलं असावं.

मी जर्मनीत, कार्ल्सरूहेला लेकीकडे राहते. प्रसन्न आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, दोन जर्मन मुलांबरोबर घर वाटून राहतो. ती मुलं चांगली आहेत. सकाळी स्वयंपाकघरात भेटली की हॅलो म्हणतात आणि आपापल्या खोलीत जाऊन दार लावतात. प्रसन्न युनिव्हर्सिटीत डॉक्टरेट करतो. जमिनीखालचा पाण्याचा पाईप गळायच्या आधीच कुठे गळणार ते कसं ओळखायचं, असा काहीतरी विषय आहे. पाच वर्षं झाली. आमच्या गावचा नळवाला हे पाईपला कान लावून सांगायचा. मी तसं बोलले तर प्रसन्नने वही काढली आणि विचारलं, "कान नक्की कुठे लावायचा?" थट्टा त्याला कळत नाही. नाव प्रसन्न, पण चेहरा कायम गाडी चुकल्यासारखा.

आमची ओळख कचऱ्यावरून झाली. इथे कचऱ्याचे चार डबे आणि चार रंग. मी पिवळ्यात काचेची बरणी टाकत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "आजी, नाही! काच कोपऱ्यावर, हिरवी वेगळी, पांढरी वेगळी." मग तो माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आला. वाटेत त्याने विचारलं, "शनिवारी मोकळ्या आहात का?"

"मी रोजच मोकळी आहे."

"मग हायडेलबर्गला चला. चार जण लागतात, या वेळी एक कमी पडतोय."

घरात शनिवारी जावई झोपतो, लेक धुणं लावते आणि नातू कानात बोंडं घालून बसतो. काही विचारलं तर जर्मनमध्ये उत्तर देतो. मी साडीवर जावयाचं जुनं जाकीट चढवलं, पायात बूट घातले आणि निघाले. तेव्हापासून मी किती वेळा हायडेलबर्ग पाहिलं ते प्रसन्नला ठाऊक. मोजायचं काम त्याचं.

शहर चांगलं आहे. नदी आहे, जुना दगडी पूल आहे, डोंगरावर तांबूस दगडाचा किल्ला आहे. किल्ला अर्धा पडलेला आहे आणि पडला तसा नीट सांभाळून ठेवला आहे. तळघरात दारूचं एक पिंप आहे. त्यावर जिना चढून जावं लागतं. त्यापुढे उभं राहून प्रसन्न दर वेळी म्हणतो, "आल्झो," म्हणजे जर्मनमध्ये 'तर मग', "आजी, हे रिकामं आहे." आणि मी दर वेळी म्हणते, "मग आपण कशाला आलो?" एवढा एकच विनोद त्याला कळतो. त्याची तो वाट पाहतो.

पण त्याची खरी आवडती जागा म्हणजे विद्यार्थ्यांचा तुरुंग. जुन्या काळी दंगा करणाऱ्या मुलांना युनिव्हर्सिटी स्वतःच कोंडून ठेवायची. भिंतींवर, छतावर, जिन्यात सगळीकडे त्या मुलांनी आपली नावं आणि तोंडं रंगवून ठेवली आहेत.

"ही शिक्षा होती?" मी विचारलं.

"नावाला. मित्र भेटायला यायचे, गाणी म्हणायचे. मुलं मुद्दाम आत यायची." प्रसन्न छताकडे बघत म्हणाला, "इथे एकटं कुणी नसायचं, आजी."

बाकी सगळीकडे घड्याळ बघणारा हा मुलगा तिथे मात्र रेंगाळतो. बाहेर पडलो की पुन्हा घाई, कारण एक वाजता पुलावर फोटो असतो. कऱ्हाडला तेव्हा चहाची वेळ असते आणि त्याची आई फोटोची वाट पाहत बसलेली असते. फोटोत प्रसन्न आणि चार जण. तीन चालत नाहीत, पाच चालत नाहीत.

हे काय खूळ आहे, ते मला चौथ्या फेरीला कळलं. किल्ल्यावर माझा गुडघा धरला म्हणून आम्ही बाकावर बसलो होतो. इतर पोरं पुढे गेली होती.

"चारच का रे?" मी विचारलं.

त्याने झारा मांडीवर ठेवला. "इथे आलो त्या पहिल्या आठवड्यात आईने विचारलं, मित्र झाले का? मी म्हटलं, हो, चार."

"झाले होते?"

"नाही."

"मग चार कशाला सांगितलेस?"

"तीन कमी वाटले असते. पाच खोटे वाटले असते."

आईने नावं विचारली. याने निखिल, अमेय आणि स्नेहल अशी तीन सांगितली. चौथं सुचेना, म्हणून 'आणि अजून एक' म्हणाला. मग आईने फोटो मागितला. झालं. पाच वर्षं हा दर शनिवारी चार माणसं गोळा करतोय. माणसं बदलतात, नावं तीच. नवा मुलगा आला की त्याला पुलावर उभं करून सांगतो, "आज तू निखिल."

"आणि मी कोण?"

"तुम्ही अजून एक."

मी म्हटलं, "आईला खरं सांगून टाक."

"ती घाबरेल, आजी. बाबा गेल्यापासून एकटीच आहे. तिला वाटेल, इकडे मीही तसाच."

मग तू तसाच नाहीस तर कसा आहेस, असं जिभेवर आलं होतं. मी गिळलं. मला ते फारसं जमत नाही.

माणसं गोळा करायची त्याची पद्धतही सांगायला हवी. दर ऑक्टोबरात पुण्याची, नागपूरची नवी पोरं येतात. कुकर कुठे मिळतो, सिम कार्ड कुठलं घ्यायचं, नगरपालिकेत पत्ता नोंदवायला कुठली खिडकी, हे सगळं प्रसन्न त्यांना सांगतो. बरोबर जाऊन उभा राहतो. ती कृतज्ञ पोरं दोन-तीन शनिवार हायडेलबर्गला येतात. तोवर त्यांची आपसांत गट्टी जमते, आणि चौथ्या शनिवारी ती सगळी मिळून कोलोनला जातात. प्रसन्नला विचारायचं राहून जातं. पोरं वाईट नाहीत. फक्त त्यांचा कुकर घेऊन झालेला असतो.

गेल्या महिन्यातल्या शनिवारी मी स्टेशनवर पोचले तेव्हा प्रसन्न एकटाच उभा होता. झारा खाली लोंबत होता.

"निखिलला ताप आहे," तो म्हणाला. "अमेयला अचानक भाड्याचं घर बघायला बोलावलंय, इथे घर मिळणं कठीण, ती संधी सोडता येत नाही. स्नेहल फोन उचलत नाही."

"मग?"

"मग रद्द. दोघांचा फोटो कसा पाठवू? आजपर्यंत एकही शनिवार चुकला नाही."

"मी बूट घातलेत," मी म्हटलं. "आता मी काही घरी जाणार नाही."

गाडीत त्याने मोजलंसुद्धा नाही. तुरुंगातही दोन मिनिटांत बाहेर आला. साडेबारालाच आम्ही पुलाच्या तोंडाशी, तिथल्या माकडाच्या ब्राँझच्या पुतळ्यापाशी पोचलो. त्याने फोन माझ्या हातात दिला. "आल्झो, आजी, इथून हलू नका. मी तीन माणसं आणतो." आणि झारा उंचावून तो गर्दीत शिरला.

दोन मिनिटांत फोन वाजू लागला. पडद्यावर 'आई' आलं. हिरवं बटण दाबायला मला नातवाने शिकवलंय. समोर चष्मा लावलेली, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान बाई, हातात चहाचा कप.

"अय्या, तुम्ही! साडीवर जाकीट. तुम्हीच ना त्या अजून एक?"

"मीच. प्रसन्न माणसं आणायला गेलाय," मी बोलून गेले. मग जीभ चावली.

ती हसली. "आज कुणीच आलं नाही वाटतं?"

मी गर्दीत झारा शोधायला लागले.

"अहो, मी तीस वर्षं बालवाडीत पोरं सांभाळली. सहलीला नेलं की दर वळणावर मोजायची. मला चेहरे कळत नाहीत होय? याचा निखिल दर महिन्याला वेगळा. एकदा निखिलला पगडी होती. स्नेहल तर कधी उंच, कधी बुटकी."

"मग बोलत का नाही त्याला?"

"बोलले तर तो शनिवारी खोलीतच बसेल. चार जणं जमवायच्या निमित्ताने घराबाहेर तरी पडतो." तिने कप खाली ठेवला. "आधी मला झोप लागायची नाही. मग मागच्या वर्षीपासून फोटोत तुम्ही दिसायला लागलात. एक चेहरा दर वेळी तोच. आता फोटो आला की मी आधी जाकीट शोधते. सापडलं की माझा शनिवार झाला. त्याला मात्र सांगू नका हं."

मी म्हटलं, "तुमचा चहा निवतोय."

प्रसन्न परतला तो एक म्हातारं जर्मन जोडपं आणि त्यांचं जाडं तपकिरी कुत्रं घेऊन. जोडपं खूश दिसत होतं. त्यांना काय सांगून आणलं, देव जाणे.

"आईचा फोन होता," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. "काय म्हणाली?"

"चहा पीत होती."

तो मोजायला लागला. "एक, दोन, तीन..." बोट हवेत थांबलं.

"कुत्रं धर," मी म्हटलं. "चार."

त्याने खरोखर विचार केला. मग जोडप्याला टोप्या कपाळावर ओढायला सांगितलं, कुत्र्याला आजोबांच्या कडेवर दिलं, आणि एका वाटसरूला पार पुलाच्या टोकाला उभं करून फोटो काढायला लावला. मी तेवढ्यात जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि एक पाऊल पुढे सरकले. नीट दिसायला हवं.

परतीच्या गाडीत आईचा निरोप आला. त्याने मोठ्याने वाचला, "छान आहेत सगळे. निखिलला तिकडची थंडी मानवलेली दिसते. अजून एक यांना नमस्कार सांग."

प्रसन्न पाठ टेकून बसला. सबंध दिवसात पहिल्यांदा त्याचा चेहरा नावासारखा झाला. "बघा आजी, काही कळलं नाही तिला."

"गेनाऊ," मी म्हटलं आणि खिडकीबाहेर पाहिलं.

कार्ल्सरूहे आलं. उतरायच्या आधी सवयीने त्याचं बोट वर झालं. "एक," म्हणाला, आणि पुढे मोजायला कुणी नव्हतं म्हणून तसाच उभा राहिला. मागची माणसं खोळंबली.

मी माझं बोट त्याच्या छातीवर टेकवलं. "दोन. सगळे आले. उतर आता."